बोटांना कळेल अशी गाठ

"ही सुटली," हेमलताताई म्हणाल्या आणि त्यांनी दोराचं टोक माझ्यापुढे धरलं.

मी वाकून पाहिलं. चहा आणायला आत जाण्याआधी मीच बांधून दिलेली गाठ होती ती. तिला बोलाइन म्हणतात. झाडावर चढताना कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायला मी वर्षानुवर्षं हीच वापरत आले होते. आता तिचा फास ढिला होऊन लोंबत होता आणि आतलं टोक जवळजवळ बाहेर आलं होतं.

"तुम्ही सोडलीत का?"

"नाही हो. नुसती हलवत बसले होते. म्हटलं, माणूस झाडावर गेला की सारखा थोडाच लटकून असणार? कधी फांदीवर उभा राहील, कधी बसेल. तेव्हा दोर सैल पडणार, हलणार. मग ही काय करते ते बघू."

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या भावाने, दिनकरदादांनी, हे ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की झालं, आता तुमचं तुम्हीच नाही म्हणून टाका.

ही बरीच जुनी गोष्ट. तेव्हा मी आणि गिर्यारोहणातला माझा जोडीदार बशीर मुल्ला कोल्हापुरात हौशी लोकांना झाडावर चढायला शिकवायचो. दोर, हेल्मेट, कमरेचा पट्टा, सगळं रीतसर. कॉलेजची मुलं यायची, कधी एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं. वर जायचं, फोटो काढायचे, खाली येऊन मिसळ खायची. अशात एके दिवशी फोन आला.

"मी हेमलता चौगुले. फिजिओथेरपिस्ट आहे. जन्मापासून मला दिसत नाही. मला झाडावर चढायचंय. तुमच्या नियमात बसतं का?"

मी म्हणाले, "नियमात बसतं की नाही हा प्रश्न कधी आलाच नव्हता."

"मग आता आलाय," त्या हसून म्हणाल्या.

आल्या त्या भावाचा दंड धरून. चाळिशीच्या आत-बाहेरच्या, काटक, केस आखूड कापलेले. दिनकरदादा त्यांच्यापेक्षा मोठे, अंगाने भरदार, शाहूपुरीत मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारे. बहिणीला कुठेही न्यायचं, आणायचं, समोर काय आहे ते सांगायचं, हे ते लहानपणापासून करत आले होते. सांगण्याची पद्धत त्यांची ठरलेली. "पायरी." "खड्डा." "खुर्ची हाय, बस."

मी हेमलताताईंना विचारलं, "झाडावरच का चढायचंय तुम्हाला?"

"ते नंतर सांगते," त्या म्हणाल्या. "आधी गाठी."

आणि बोलाइन सुटल्यावर त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. "दुसरी कुठली आहे?"

"ही सुटू नये म्हणून टोकाला आणखी एक गाठ मारतात. मीही मारते."

"म्हणजे ती आणि तिची राखण करणारी, अशा दोन तपासायच्या. एकच पण भरवशाची नाही का?"

मी फिगर ऑफ एट बांधून दिली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोर वळवायचा, तो पट्ट्यातून घ्यायचा आणि आल्या वाटेनेच परत फिरवायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोराला दोर चिकटून धावतो. हेमलताताईंनी ती दोन्ही हातांत घेतली. रुग्णाचा खांदा चाचपावा तशी त्यांची बोटं तिच्यावरून फिरली. एकदा वरून खाली, मग उलट.

"सगळीकडे जोड्या आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "इथे जोडी, इथे जोडी, इथे... पाच. बरोबर?"

"बरोबर."

"एक जरी कमी लागली तर गाठ अर्धवट आहे."

"हो."

"मग हीच. ही मला वाचता येते. मघाची नाही येत. ती बरोबर असली आणि चुकलेली असली तरी हाताला सारखीच लागते."

मी इतकी वर्षं गाठ निवडताना ती किती वजन घेते, किती पटकन बांधून होते आणि नंतर किती सहज सुटते एवढंच पाहत आले होते. हा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

खरी अडचण दुसऱ्या गाठीची होती. झाडावर जाताना दोर वरच्या भक्कम फांदीवरून टाकतात. त्याचं एक टोक पट्ट्याला पक्कं बांधायचं. फांदीवरून खाली आलेल्या दुसऱ्या पदरावर एक सरकती गाठ, तीही पट्ट्यालाच अडकवलेली. दोर ओढला की माणूस थोडा वर जातो, मग ती गाठ हाताने वर सरकवायची. अंगाचा भार पडला की ती दोराला घट्ट धरून बसते. सगळं चढणं-उतरणं तिच्यावर. ती घसरली तर माणूस घसरला.

पुढच्या रविवारी बशीरने आमच्या परसातल्या पेरूच्या फांदीवर दोर टाकला. पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलले जातील एवढंच लटकायचं. नवीन गाठ, नवीन दोर आधी इथेच तपासायचा, असा आमचा शिरस्ता. पहिल्यांदा मी माझी आवडती ब्लेक बांधून दिली. ती अलगद सरकते, उतरताना त्रास देत नाही. हेमलताताई तिच्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग त्यांनी ती सोडून स्वतः बांधली आणि "आता?" असं विचारलं.

"चुकली. टोक खालच्या दोन वेढ्यांखालून यायला हवं, तुम्ही एकाखालूनच काढलंय."

पुन्हा बांधली. या वेळी बरोबर होती, पण त्यांना तसं वाटेना. तिसऱ्यांदा चुकली आणि त्यांना बरोबर वाटली.

"नको," त्या म्हणाल्या. "हिच्यात मी फसते."

मग बशीरने बारीक दोरीचा बंद फास घेतला आणि जाड दोराभोवती स्वतःतूनच तीनदा फिरवून प्रुसिक बांधली. वर तीन वेढे, खाली तीन वेढे, मधे एक आडवा पट्टा. हेमलताताईंनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वरखाली सारखीच आहे ही!"

"हो, पण ही आवळते," मी म्हणाले. "जोराचा झटका बसला तर अशी चावते की हलता हलत नाही. उतरताना डोकं उठवते."

"आवळली तर सोडवता येते का?"

"येते. आधी तिच्यावरचा भार काढायचा. फांदीवर उभं राहायचं, म्हणजे ती मोकळी होते. मग हा आडवा पट्टा अंगठ्याने ढकलायचा."

"मग मला ते शिकवा. घसरेल की काय या भीतीपेक्षा अडकेल ही भीती बरी."

त्या दिवशी बशीर मुद्दाम पट्ट्याला धरून झटके देत राहिला आणि हेमलताताई विटांच्या ढिगावर उभ्या राहून गाठ सोडवत राहिल्या. अंगठा लाल झाला. दिनकरदादा पायरीवर बसून बघत होते. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हिला काय दिसणार हाय वर जाऊन? लोक वर जातात ते खालचं बघायला. हिला खालचं काय आणि वरचं काय. तुम्ही तेवढं समजावा की."

"तुम्ही विचारलंत का त्यांना, का जायचंय ते?"

"लहानपणापासनं असंच हाय तिचं. विचारलं तर म्हणती, तुला नाही कळणार."

डिसेंबरात आम्ही गेलो. गगनबावड्याच्या रस्त्यावर माझ्या मैत्रिणीचं शेत आहे. त्याच्या कडेला एक रायवळ आंबा उभा आहे, जुना, पण निरोगी. बशीरने आदल्या दिवशी वर जाऊन मधमाश्यांचं पोळं, वाळकी फांदी, तांबड्या मुंग्यांची घरटी, सगळं बघून ठेवलं होतं. आम्ही दोन दोर टाकले, एक हेमलताताईंसाठी, एक माझ्यासाठी. मी बरोबरीने वर जाणार, बशीर खाली.

निघण्याआधी त्यांनी आपली गाठ वाचली. मग हात पुढे केला. "तुमची?"

"माझी काय?"

"तुमची गाठ बघते ना. तुम्ही माझी बघितलीत."

त्या दिवशी मीही आठच्या आकड्याचीच बांधली होती. माझ्या गाठीला हात लावायचं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. मला थोडं कसंतरीच झालं, पण मी पुढे झाले. त्यांची बोटं फिरली आणि एका जागी थांबली.

"इथे एक पदर दुसऱ्यावर चढलाय. जोडी आहे, पण पीळ पडलाय."

"त्याने गाठ सुटत नाही."

"नसेल सुटत. पण मला मोजताना अडखळायला होतं. नीट कराल?"

मी सोडली आणि नीट बांधली. बशीर तोंड फिरवून हसत होता.

चढणं चांगलं झालं. हेमलताताई घाई करत नव्हत्या. दोर ओढायचा, गाठ वर सरकवायची, बसून बघायचं, श्वास घ्यायचा. मधेच त्या खोडाकडे हात नेऊन चाचपत आणि स्वतःशीच काहीतरी बोलत. पहिलं बेचकं आलं तेव्हा त्यांनी दोन्ही फांद्यांना एकेका हाताने कव घातली आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"थकलात?"

"नाही. यातली कुठली खोड आणि कुठली फांदी, ते ठरवतेय."

"ठरलं?"

"नाही ठरत," त्या खुशीत म्हणाल्या.

खालून दिनकरदादांचा आवाज आला, "हेमा, बास झालं! उतर आता!"

त्या वर चढू लागल्या.

आणखी वर गेल्यावर त्या एका आडव्या फांदीवर उभ्या राहिल्या. मी खोडाच्या पलीकडच्या बाजूला होते. आमच्यामधे दाट पानं. त्यांचं हेल्मेट तेवढं मला दिसत होतं. तेवढ्यात डोक्यावरून एक मोठा धनेश उडाला. त्याच्या पंखांचा आवाज ज्यांनी जवळून ऐकलाय त्यांनाच कळेल, कोणीतरी भला मोठा भाता चालवतंय असं वाटतं. हेमलताताई दचकल्या, त्यांचा पाय निसटला आणि त्या खाली आल्या.

हातभरच आल्या. गाठीने दोर धरला. फांदी करकरली, पानं सळसळली, आणि त्या लोंबकळत गोल फिरू लागल्या.

"हेमा!" खालून हाक आली. हाक कसली, ओरडणंच ते. "मॅडम, तिला खाली घ्या! आत्ताच्या आत्ता घ्या!"

"लागलं का?" मी विचारलं.

मग पानांतून आवाज आला, "काय गेलं हे?"

"काय?"

"आत्ता वरून काय गेलं?"

"धनेश. पक्षी आहे, मोठा."

"पंखांचा एवढा आवाज?" मग थांबून म्हणाल्या, "मी ठीक आहे. गुडघा खरचटलाय. गाठ आवळलीय. हलत नाही."

मला त्यांच्यापर्यंत जायचं तर माझा दोर आड येत होता. पुरतं खाली उतरून त्यांच्या बाजूने पुन्हा चढायला लागलं असतं. मी उतरायला सुरुवात केली.

"मुक्ताताई, उतरताय का?"

"हो. येते तुमच्याकडे."

"येऊ नका. आधी सांगा, पाय कुठे ठेवू."

"अहो, पण..."

"हे मी विटांवर शिकलेय. फांदी कुठे आहे तेवढं सांगा."

खाली दिनकरदादा बशीरशी भांडत होते. "ती बोलतीया म्हणून ऐकताय व्हय तुम्ही? वर चढा की!" बशीर म्हणत होता, "दादा, त्या पडत नाहीत. गाठीनं धरलंय. जरा थांबा." मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ठरवायचं मला होतं.

मी उतरायची थांबले. तिथून पानांखालून त्यांचे पाय दिसत होते. आजही मला ते थांबणं आठवतं, कारण हात तर उतरायच्या मागे लागले होते.

"तुमच्या उजव्या पायाच्या मागे फांदी आहे," मी म्हणाले. "गुडघ्याच्या उंचीवर. पाय मागे न्या. आणखी. आता वर."

"लागली."

"जाड आहे का, बघा."

"मांडीएवढी."

"तीच. दुसरा पाय तिच्यावर. दोराला धरून उठा."

पानं हलली. त्यांचं हेल्मेट हळूहळू वर आलं. दोर सैल झालेला मला दिसला.

"उभी आहे."

"आता गाठ. मधला आडवा पट्टा."

"मिळाला. दगड झालाय नुसता." धापा ऐकू येत होत्या. "नाही हलत... थांबा. एका बाजूने ढकलते." मग बराच वेळ नुसता दोर हलत राहिला. लांब कुठेतरी उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं, तेवढाच आवाज.

"सुटली," त्या म्हणाल्या. "म्हणजे सुटली नाही, मोकळी झाली. वेढे मोजते. वर तीन. खाली तीन."

"तिच्यावर बसून बघा."

"बसले. धरतेय."

"आता सावकाश उतरायला लागू."

"उतरायचं? अजून मी आले कुठे?"

"तुम्हाला जायचंय तरी कुठे?" माझा आवाज थोडा चढला असणार.

"इथून एखादी फांदी धरून तिच्या शेवटापर्यंत हात पोचेल, अशी जागा आहे का?"

तशी जागा होती. थोडं वर, जिथे फांद्या दाटीने बाहेर पडतात तिथे. आता मी माझ्या बाजूने वर जाऊन त्यांच्यासमोर येऊ शकले. तिथली एक बाजूची फांदी मी ओढून त्यांच्याजवळ वाकवून धरली. हेमलताताई बेचक्यात नीट बसल्या, पट्टा चाचपला आणि दोन्ही हात त्या फांदीच्या मुळाशी ठेवले. तिथे ती मनगटाएवढी होती.

मग त्यांनी हात पुढे नेले, एकापुढे एक. फांदी अंगठ्याएवढी झाली, मग पेन्सिलीएवढी. फाटा फुटला तिथे त्या थांबल्या, दोन्ही वाटा चाचपून एक निवडली, पुढे गेल्या. मग डहाळी. मग देठ. जुनी पानं कडक होती. त्यांच्या पलीकडे अगदी टोकाला कोवळ्या पानांचा झुबका होता, तांबूस, ओल्या फडक्यासारखा लोंबणारा. त्यांच्या बोटांना तो लागला तशा त्या दचकल्या.

"हे काय? ही मेलेली आहेत?"

"नाही. नवीन आलेली आहेत. कोवळी."

त्यांनी ती पानं गालाला लावली. मग त्यांच्याही पुढे हात नेला. तिथे काही नव्हतं. हात हवेत फिरला, परत आला, पुन्हा गेला.

"संपलं," त्या म्हणाल्या.

मी फांदी तशीच वाकवून धरली.

"आमच्या शाळेत झाडाचा नमुना होता," त्या मग सांगू लागल्या. "लाकडाची काठी आणि वर एक मोठा गोळा. बाई म्हणायच्या, हे खोड, हा वरचा विस्तार. आम्ही सगळी मुलं तो गोळा चाचपायचो. बाहेर खरी झाडं होती, पण आमचे हात पोचायचे ते खोडापर्यंत. कमरेपासून डोक्यापर्यंत जेवढं लागेल तेवढं झाड. फांद्या मी नंतर हातात घेतल्या, तोडून आणलेल्या. पानंही घेतली. पण ते सगळे तुकडे. या जाड खोडाचं ते बारीक पान कसं होतं, ते मधलं काही मला कोणी सांगू शकलं नाही. दादाला विचारलं की तो म्हणायचा, वर हिरवं असतं."

झाड वाऱ्याने थोडं हललं. आम्हीही त्याबरोबर हललो.

"आणि हे हलतं," त्या म्हणाल्या. "खाली तर भिंतीसारखं असतं."

पुष्कळ वेळाने आम्ही उतरलो. प्रुसिकने उतरताना खरंच डोकं उठवलं, दर थोड्या वेळाने आवळायची. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

खाली पाय टेकले तेव्हा दिनकरदादा पुढे झाले आणि बहिणीचा गुडघा बघू लागले. घाबरून त्यांचा चेहरा उतरला होता, आणि आता राग येऊ लागला होता. "काय मिळालं?" ते म्हणाले. "एवढं करून काय मिळालं तुला?"

हेमलताताईंनी त्यांचा दंड धरला. नेहमी धरायच्या तोच. पण आज तिथून हात खाली नेत त्या बोलू लागल्या. "हे असं खोड. इथे कोपराशी बेचकं. मग मनगट. मग बोटं. एकेका बोटाला पुन्हा बोटं, त्यांना आणखी बारीक, आणि नखांच्या जागी पानं. टोकाची अगदी मऊ, बाळाच्या कानासारखी. गोळाबिळा काही नाही."

दिनकरदादा गोंधळले. "कसला गोळा? शाळेतला? अगं, झाड तसं नसतं हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं रे. कळलं आज."

ते आपल्या पसरलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग मान वर करून आंब्याकडे. बशीर दोर गुंडाळायला लागला होता, त्याला म्हणाले, "हा पट्टा माझ्या मापाचा होईल का हो?"

"होईल की, सैल करून."

गाठ बशीरने बांधली. मी शेजारच्या दोरावर गेले. दिनकरदादा पहिल्या बेचक्यापर्यंत कसेबसे पोचले आणि खोडाला मिठी मारून बसले. खालून बहिणीने आवाज दिला, "दादा, हाताला काय लागतंय?"

"झाड लागतंय! दुसरं काय लागणार?"

"नीट सांग."

मी बाजूला लटकून पाहत होते. घामाने डबडबलेला तो माणूस, डोळे गच्च मिटलेले. मग त्यांची मिठी जराशी सैल झाली आणि तळवा सालीवरून सरकू लागला.

"खडबडीत हाय," ते म्हणाले. "भेगा हाईत. एक मोठी हाय, बोट जातंय आत. ओलसर हाय ती. डाव्या बाजूला ऊन लागलंय, तिकडं गरम हाय... आन् वर, थांब, जरा वर हात नेतो."

खाली हेमलताताई बुंध्यापाशी मान वर करून उभ्या होत्या.

"ने," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."